दुभाषी बाईंना मत नसतं

कोर्टातले किस्से आमच्या घरी जमतात ते फ्रीजमधल्या छोट्या डब्यांसारखे. प्रत्येकात थोडं थोडं उरलेलं असतं आणि कुणालाच टाकवत नाही. शेवटी एके दिवशी सगळे डबे काढून एकदम संपवावे लागतात. तो दिवस आज.

माझी आई सिंगापूरच्या कोर्टात मराठी दुभाषी आहे. म्हणजे तेव्हा व्हायची होती. कोर्टाला मराठी माणूस क्वचितच लागतो, पण लागला की लगेच लागतो. पहिल्या तीन सुनावण्यांना एक वरिष्ठ मॅडम मागे बसून आईचं काम बघणार होत्या. नियम एकच, पण कडक. साक्षीदार जे बोलेल ते सगळं, तसंच्या तसं सांगायचं. त्यात स्वतःचा एक शब्दही घालायचा नाही. घातला, तर पुन्हा बोलावणं नाही.

आईला हे काम मनापासून हवं होतं. तांजोंग पगारच्या बँकेतली नोकरी सोडल्यापासून तिने खूप ठिकाणी अर्ज केले होते. मराठी येतं म्हणून मिळणारं हे तिचं पहिलंच काम होतं.

अडचण एवढीच होती, की आईला प्रत्येक गोष्टीबद्दल मत असतं. एमआरटीच्या ट्रेनमध्ये शेजारच्या बाईने पिशवी कशी धरली आहे, याबद्दलसुद्धा.

बाबा म्हणाले, "तू, आणि मत द्यायचं नाही? याला तिकीट असेल तर मी काढतो."

(आई कोर्टातल्या माणसांची नावं घरी सांगत नाही. म्हणून आमच्याकडे त्यांना कपड्यांवरून किंवा सामानावरून ओळखतात. इथेही तेच केलं आहे. खलबत्ता मात्र खलबत्ताच ठेवला आहे, त्याला पर्याय नव्हता.)

*

सराव आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत, डायनिंग टेबलावर व्हायचा. बाबा आरोपी. मी न्यायाधीश, कारण न्यायाधीशाला फार बोलावं लागत नाही आणि मला बोलायला आवडत नाही.

दुभाष्याने 'तो म्हणतो की' असं म्हणायचं नसतं. साक्षीदार 'मी' म्हणाला, तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं.

"मी श्रीखंडाला हातही लावला नाही," बाबांनी साक्ष दिली.

"मी श्रीखंडाला हातही लावला नाही," आईने इंग्रजीत सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हा धादांत खोटं बोलतोय."

"नापास," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं एकमेव वाक्य.

*

पहिली केस रस्त्यावरच्या एका किरकोळ धडकेची होती. साक्षीदार होता निळा शर्ट. मी सुट्टीत होते, त्यामुळे मागच्या बाकावर बसून बघता आलं. कोर्टाचा दरवाजा कुणालाही उघडा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वकिलाने विचारलं, "गाडी तुम्ही स्वतः पाहिलीत?"

निळ्या शर्टाने मान हलवली.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तोंडाने सांगा. इथे सगळं रेकॉर्ड होतं." आईने ते मराठीत सांगितलं. निळ्या शर्टाने समजल्यासारखी पुन्हा मान हलवली.

"साक्षीदाराने मान हलवली आहे, युअर ऑनर," आई म्हणाली.

"उभी की आडवी?"

आईने क्षणभर विचार केला. मला दिसत होतं की तिला याबद्दल बरंच बोलायचं आहे. पण ती फक्त म्हणाली, "तिरकी."

मागे मॅडमनी काहीतरी लिहिलं.

*

त्याच निळ्या शर्टाचा आणखी एक किस्सा. साक्ष चांगली रंगात आली असताना तो मध्येच आईकडे वळला. "ताई, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात. बसा ना जरा."

सगळं सांगायचं म्हणजे सगळं. आईने न्यायाधीश बाईंकडे बघून इंग्रजीत सांगितलं, "ताई, तुम्ही सकाळपासून उभ्या आहात. बसा ना जरा."

न्यायाधीश बाईंनी आपल्या खुर्चीकडे बघितलं. "मी बसलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आभारी आहे."

*

दुसऱ्या केसमधले साक्षीदार म्हणजे दोन पेनवाले काका. खिशाला दोन पेनं, हातात छत्री. त्यांना उत्तम इंग्रजी येत होतं. तरी कोर्टात आपण आपल्याच भाषेत बोलणार, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा तो हक्कच होता.

ते मराठीत बोलायचे, आई इंग्रजीत सांगायची, आणि काका डोळे मिटून तपासायचे.

"मी संतापलो नव्हतो, वैतागलो होतो," ते एकदा मराठीत म्हणाले. "या बाईंनी संतापलो सांगितलं. यांचं इंग्रजी बरं आहे, पण घाई करतात."

कोर्टरूममध्ये मराठी कळणारी माणसं तीनच. काका, आई आणि मी; मॅडमनाही मराठी येत नव्हतं. आईने एखादं वाक्य गिळलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं.

आईने न्यायाधीशांना शांतपणे सांगितलं, "मी संतापलो नव्हतो, वैतागलो होतो. या बाईंनी संतापलो सांगितलं. यांचं इंग्रजी बरं आहे, पण घाई करतात."

"बरोबर," काका इंग्रजीत म्हणाले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला खरंच दुभाषी हवी आहे का?"

काकांनी प्रश्न मराठीत येईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "हवी तर. सुधारतायत त्या."

आईने तेही सांगितलं.

त्या दुपारी हॉकर सेंटरमध्ये आई माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. काका, छत्री, दोन पेनं, संताप आणि वैताग यांतला फरक. माझे नूडल्स संपले, तिचे गार झाले, शेजारच्या टेबलावर दुसरी माणसं येऊन बसली. सकाळभर साठवलेली सगळी मतं बाहेर पडल्यावर ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता एकच राहिली."

*

तिसरी केस चोआ चू कांगच्या एका ब्लॉकमधली होती. वरच्या मजल्यावर खलबत्तावाल्या काकू, खालच्या मजल्यावर चौकडीच्या शर्टवाले अंकल. तक्रार अशी, की काकू सकाळी सकाळी काहीतरी कुटतात आणि अंकलच्या छताला टांगलेला दिवा हलतो. आधी दोघांना समोरासमोर बसवून समेटाचा प्रयत्न झाला होता. काकूंनी तिथे अंकलना बाटलीभर शेंगदाण्याची चटणी दिली. अंकलनी चटणी घेतली, पण तक्रार मागे घेतली नाही.

पुरावा म्हणून काकू खलबत्ताच घेऊन आल्या. लोखंडी. तो पिशवीसकट सिक्युरिटीच्या मशीनमध्ये गेला आणि मशीन थांबलं.

सिक्युरिटीवरच्या मलय मावशींनी पिशवीत डोकावून बघितलं. "ओ, लेसुंग! माय मदर ऑल्सो गॉट." मग त्यांचा चेहरा पुन्हा ड्यूटीवर आला. खल वर नेता येईल, त्या म्हणाल्या, पण बत्ता नाही. बत्ता हे हत्यार होऊ शकतं.

"एकट्या खलाचं मी काय करू?" काकूंनी रांगेत मागे उभ्या असलेल्या मला विचारलं. कोर्टात मराठी चेहरा दिसला म्हणून. मी मावशींकडे बोट दाखवलं. शेवटी बत्त्याला नंबराचा बिल्ला लागला आणि काकू नुसता खल कडेवर घेऊन वर गेल्या.

*

शेजाऱ्यांच्या भांडणात वकील नसतात. न्यायाधीशच दोघांना प्रश्न विचारतात, आणि बाहेरच्यांना सहसा आत बसता येत नाही. म्हणून न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना विचारलं, की ही शाळेतली मुलगी मागे बसली तर चालेल का. अंकल म्हणाले, "कॅन," म्हणजे चालेल. काकू म्हणाल्या, "बसू दे की. पण तिने काही खाल्लंय का, विचारा." आईने तेही सांगितलं, आणि न्यायाधीशांनी खरोखरच मला विचारलं. मी मान हलवली. बहुतेक तिरकी.

मग काकू म्हणाल्या, की आवाज अगदी बारीक येतो, ऐकवूनच दाखवते. न्यायाधीशांनी बत्ता मागवला. सिक्युरिटीच्या मावशी तो दोन्ही हातांवर आडवा धरून, देवळात तलवार आणावी तशा, घेऊन आल्या आणि काकूंच्या शेजारीच उभ्या राहिल्या.

काकूंनी पदर खोचला आणि कुटलं. टेबलावरचे पाण्याचे ग्लास सरकले. बाजूच्या कोर्टरूममधला एक क्लार्क दार उघडून बघून गेला.

"सी?" अंकल म्हणाले.

"इथल्या भिंती पातळ आहेत," काकू म्हणाल्या.

आईने दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवलं. मागे मॅडमचं पेन चालू होतं. मी आईच्या पाठीकडे बघत होते. ही शेवटची सुनावणी होती, आणि विषय खलबत्त्याचा होता. आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी कुटायची की मिक्सरमध्ये करायची, यावरून आई आणि बाबा एक अख्खा रविवार एकमेकांशी बोलले नव्हते.

न्यायाधीशांनी काकूंना नरमाईने विचारलं, "तुम्ही हे मिक्सरमध्ये करू शकणार नाही का?"

आईने मराठीत विचारलं. काकूंनी न्यायाधीशांकडे बघितलं, अंकलकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या खोलीत आपलं म्हणणं समजेल असं एकच मोठं माणूस आहे. त्या सरळ आईकडे वळल्या.

"बाई, तुम्हीच सांगा. मिक्सरमध्ये ती चटणी होते का?"

आईने इंग्रजीत सांगितलं, "बाई, तुम्हीच सांगा. मिक्सरमध्ये ती चटणी होते का?"

न्यायाधीश पुढे झुकले. त्या पहिल्या न्यायाधीश बाईंसारखं नाही, यांना कळलं होतं की प्रश्न कुणाला आहे. "मलाही उत्सुकता आहे," ते आईला म्हणाले. "होते का?"

मॅडमचं पेन थांबलं.

आईने तोंड उघडलं. मिटलं. मग ती काकूंकडे वळली आणि न्यायाधीशांचं वाक्य मराठीत सांगितलं. "मलाही उत्सुकता आहे. होते का?"

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "तेल सुटत नाही. नुसता भुगा होतो."

आई न्यायाधीशांकडे वळली. ताठ उभी राहिली. इतकं स्वच्छ, इतकं मनापासूनचं इंग्रजी मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"मुळीच नाही. तेल सुटत नाही. नुसता भुगा होतो."

न्यायाधीशांनी पेन हातात घेतलं. "रेकॉर्डसाठी विचारतो," ते म्हणाले. "हे उत्तर साक्षीदाराचं आहे, की दुभाषी बाईंचं?"

आईने काकूंना मराठीत विचारलं, "रेकॉर्डसाठी विचारतो. हे उत्तर साक्षीदाराचं आहे, की दुभाषी बाईंचं?"

काकूंनी आईला खालपासून वरपर्यंत एकदा नीट बघितलं.

"दोघींचं," काकू म्हणाल्या.

"दोघींचं, युअर ऑनर," आईने इंग्रजीत सांगितलं.

मागे मॅडमनी पेनाला टोपण लावलं.