काचेपुढची जाळी

आमच्या घरातला विस्तव भिंतीत राहतो. माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांनी कोरेगावात बंगला बांधला आणि हॉलच्या भिंतीत काचेआड जळणारी गॅसची शेकोटी बसवून घेतली. बर्फाळ मुलखातल्या कुठल्याशा ऑफिसर मेसमध्ये त्यांनी ती दारातून पाहिली होती. मेसमध्ये आत बसायला मिळालं नाही, म्हणून मेसच घरी आणली. कोरेगावात खरी थंडी पडते ती जेमतेम पंधरा दिवस, आणि तीही सकाळच्या उन्हात पाठ करून बसलं की पळते. पण सुभेदारांना कोण सांगणार!

वास्तुशांतीला भावकीतल्या बायका आल्या. नव्या चुलीवर दूध उतू घालायचं, म्हणून पातेलं घेऊन सगळ्या त्या भिंतीसमोर उभ्या. पातेलं ठेवायचं कुठं? एका जावेनं विचारलं, "आवं भावजी, ह्येच्यावर भाकरी कशी भाजायची?"

"भाजायची न्हाई. नुसतं बसायचं म्होरं."

"आन् मग जेवायचं काय?"

मी आपली काचेला हळदकुंकवाची बोटं ओढली. शेकोटी पेटल्यावर ती बोटं अशी भाजून बसली की दुसऱ्या दिवशी ब्लेडनं खरवडावी लागली, आणि मी दिवसभर बोलणी खाल्ली.

मग त्यांनी घराला कवायत लावली. सिलिंडर बाहेर, रिमोट कपाटावर, खिडकी दोन बोटं उघडी, आणि पेटवायच्या आधी काचेपुढे उभी स्टीलची जाळी, दोन्ही बाजूंनी भिंतीतल्या कड्यांना अडकवलेली. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा ताठ उभं राहून हे ऐकवायचे. "काच लय तापती. बंद केल्यावर बी पाऊण तास हात लावायचा न्हाई. ल्हान पोरास्नी जाळ दिसतो, काच दिसत न्हाई." त्यांची पाठ वळली की मी लाटणं बगलेत धरून हीच ऑर्डर स्वयंपाकघरात द्यायचे. गल्लीतल्या बायका पोट धरधरून हसायच्या. खोटं कशाला सांगू, मला त्या हसण्याची चटक लागली होती.

चैत्रात कुरडया घातल्या. प्लॅस्टिकच्या कागदावर खालून ओल्या राहतात, हे कुणालाही ठाऊक आहे. माझं लक्ष त्या जाळीवर गेलं. बारीक विणीची, स्टीलची, पाय असलेली, खालून वारा, वरून ऊन! इतकी शहाणी वस्तू उन्हाळाभर भिंतीला टेकून रिकामी बसलेली मला बघवेना. सुभेदार उसाला पाणी द्यायला गेले, तशी मी ती गच्चीवर नेली. कुरडया अशा खुटखुटीत वाळल्या की गल्लीत नाव झालं. शेजारणीनं जाळी मागितली, तिच्या नणंदेनं नेली, दिवाळीत तिच्या गच्चीवर जाळीवर भुईमुगाच्या शेंगा वाळत होत्या. दिलेली वस्तू परत मागायला आपलीच जीभ रेटत नाही.

थंडी पडली तसे सुभेदार विचारू लागले, "जाळी कुठं हाय?"

"आणती की."

"जाळी आल्याबिगर पेटवायची न्हाई."

"बरं."

आठवडाभर माझं 'आणती की' चाललं. त्यात सांगलीहून मुलगी आली, सव्वा वर्षाच्या नातीला घेऊन. नात नुकतीच चालायला लागली होती, धरायला जावं तर खिदळत पळायची. बरोबर विहीणबाईही होत्या. त्यांनी बसल्या बसल्या आपल्या घरच्या एसीचं कौतुक सुरू केलं. ज्या शेकोटीला मी वर्षभर हसले, ती विहिणीला दाखवायची मलाच घाई झाली. सुभेदार डेअरीत दूध घालायला गेले होते, मुलगी आंघोळीला. मी स्टुलावर चढून रिमोट काढला. जाळ बघून विहीणबाई गप्प झाल्या, माझा जीव थंड झाला. दहा मिनिटांनी मी शेकोटी बंद केली आणि त्यांना चहाला आत नेलं. नात हॉलच्या कोपऱ्यात डबे वाजवत बसली होती. जाळ तर विझलाय, म्हटलं.

ती ओरडली तेव्हा मी साखर घालत होते. धावत आले तर पोरीचा उजवा तळवा काचेला टेकलेला, आणि तो मागे घ्यावा हेही तिला सुचत नव्हतं. मी तिला ओढली. तेवढ्यात सुभेदार दारात आले. किटली टाकून त्यांनी पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि तिचा हात नळाखाली धरला. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावली, तर तिच्यावर खेकसले, "काय बी लावायचं न्हाई! नुसतं पाणी!" वीस मिनिटं ते तसेच उभे होते. पोर रडत होती, त्यांची बाही भिजली होती, आणि मी पदर तोंडात घालून मागे उभी.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोड बघितले, पट्टी बांधली, बोटं वाचतील म्हणाल्या. मग विचारलं, "पुढे जाळी नव्हती का?"

मी तोंड उघडायच्या आत सुभेदार म्हणाले, "मीच काढली हुती. रंग द्यायला."

सगळं आयुष्य फौजेत काढलेला हा माणूस मला खोटं बोलताना कधी दिसला नव्हता. मुलगी गाडीत त्यांच्यावर तुटून पडली. जगाला नियम शिकवता आणि स्वतः जाळी काढून ठेवता? मी मध्ये "अगं" म्हणाले, तर म्हणाली, "तू गप्प बस आई, तुला काय कळतंय त्या मशिनमधलं!" आणि मी, जिला गल्लीतलं सगळं कळतं, खरोखर गप्प बसले.

नातीच्या तळव्यावर आता नवी कातडी आली आहे, गुलाबी. मूठ नीट वळते. मुलगी मात्र बापाशी कामापुरतंच बोलते, आणि पोरीला घेऊन इकडे यायचं नाव काढत नाही. तिचा फोन वाजला की सुभेदार नाव बघतात आणि मोबाइल माझ्याकडे सरकवतात. "घे, तुझा आसंल." मी हॅलो म्हणते. आज खरं सांगायचं, असं रोज ठरवते, आणि भाजी काय केलीस ते विचारते.