खांद्यावरचा हात

फोटोकाकांनी उभ्या जन्मात कुणाला 'जरा हसा' म्हटलं न्हाई. आमच्या मासिकाचे फोटोग्राफर ते, अन् मी तिथली नवी बातमीदार. तीर्थपुरीचा बाजार असो की एमआयडीसी, आधी खाली बसकण मारायचे, चहा, गप्पा. कॅमेरा पिशवीतच! समोरचा पार विसरला की मंग क्लिक. "हसा म्हटलं की दात दिसतात पोरी, माणूस न्हाई दिसत."

अंक छापून आला की पहिली प्रत फोटोतल्या माणसाला. संपादकांच्याही आधी! त्यासाठी गाडीवर पार हसनाबादपर्यंत जायचे. स्वतःचा फोटो मात्र काढू द्यायचे न्हाईत, बिलकुल न्हाई.

मंग ते मुखपृष्ठ आलं. आठवलं तरी शिसारी येते. सळईच्या कारखान्यात कामाला असलेल्या शेषरावचा हात भाजला, दोन बोटं गेली. काका त्याच्याकडं जाऊन जाऊन बसले, तेव्हा कुठं त्यानं पट्टी सोडून हात पुढं धरला. "मालक म्हन्तो नुसतं खरचटलंय. हात बराबर दिसू द्या काका." एवढं बोलून काकांच्याच कुठल्यातरी गमतीवर हसला, अन् क्लिक.

संपादकानं हातच कापला! खाली सळईची जाहिरात बसवायची होती ना. वर उरलं नुसतं हसू, अन् मथळा काय, तर 'पोलादी हास्य'. थू!

"जखमा पाहून कोण अंक उचलतो, काका?" संपादकसाहेब म्हणाले.

"मंग जाहिरातच छापायची की आख्खी. माझा माणूस कशाला कापला?"

तरी प्रत घेऊन गेलेच ते. मी सोबत गेल्ते. शेषरावनं अंक उलटापालटा करून पाह्यला. "काका, हात कुठंय?"

तोच हात शेषरावनं काकांच्या खांद्यावर टाकला. "जाऊ द्या. तुमी थोडीच कापला." मी मोबाईलवर पटकन फोटो काढला. काकांनी अडवलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासिक सोडलं.

परवा काका गेले. मासिकवाल्यांनी चौकात फ्लेक्स लावला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हात जोडलेले साहेब, काकांपेक्षा मोठे! किळस आली. काकांचा फोटो मी मोबाईलवर काढलेला तोच, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उचललेला. दुसरा होताच कुठं? शेजारचा शेषराव सफाईनं कापून टाकलेला.

पण खांद्यावरचा हात काही निघाला न्हाई त्यांना. भर चौकात, हातभर मोठा, दोन बोटं नसलेला. येणारा-जाणारा थांबून पाहून राह्यला.