बुक्कीनं फोडलेला कांदा

परवा जेवताना मुलानं बुक्कीनं कांदा फोडला आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या मुदखेड स्टेशनवर जाऊन पोचलो.

फलाटावरच माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फिट आली होती. आई विनवत होती, "नका हो, नुसतं कुशीवर राहू द्या तिला." तरी कुणीतरी कांदा फोडून अक्काच्या नाकाशी दाबलाच. थोड्या वेळानं झटके आपोआप थांबले. "बघा, कांद्यानंच गेली," म्हणत लोक पांगले.

अक्कानं डोळे उघडले. ओठांना कांद्याचा वास होता.

"आई, परत आली व्हती का गं?"

"न्हाई गं, डोळा लागला व्हता तुझा."

आई खोटं बोलली म्हणून तेव्हा मला राग आला. आज वाटतं, तिच्या हातात दुसरं होतं तरी काय?

गाडी आली तरी अक्का आईच्या पदरानं तोंड पुसतच राहिली.