सहाव्या दिवशी विकलेली गाडी

ऑगस्ट आला की मी शनिवार-रविवार शक्यतो घराबाहेर पडत नाही. लोकांना वाटतं मला उन्हाचा त्रास होतो. त्रास मला जवळच्या वुडवर्ड रस्त्यावर दर ऑगस्टला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जत्रेचा होतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या, लांब नाकाच्या, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या गाड्या तिथे घुमत फिरतात आणि पोट सुटलेले म्हातारे कडेला खुर्च्या टाकून त्यांच्याकडे बघत बसतात. त्यांच्याकडे त्यांच्या गाड्या आहेत. तेवढ्या एका कारणासाठी मी त्या सगळ्यांचा राग करतो.

माझ्याकडे अशा दोन होत्या. पहिली हिरवी. मी पुण्याहून इकडे अमेरिकेत, ट्रॉय गावात आलो तो इंजिनांचं मायलेज वाढवण्याच्या कामावर. दिवसभर थेंब थेंब पेट्रोल वाचवायचं आणि संध्याकाळी असल्या पेट्रोल ढोसणाऱ्या धुडाला कवटाळायचं, यावरून ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल व्हायची. मला काही फरक पडत नव्हता. ती गाडी मी तीन वर्षं चालवली आणि आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असं ठरल्यावर विकून टाकली. आईचे गुडघे दुखतात, मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागते, सगळ्यांना घेऊन नायगाराला जायचंय, असा सगळा विचार मी एकट्यानेच केला आणि सात जणांची मिनिव्हॅन आणली. विमानतळावर बॅगा चढवता चढवता बाबांनी विचारलं, ती फोटोतली हिरवी कुठाय? सोसायटीत सगळ्यांना तो फोटो दाखवून आले होते म्हणे. सहा महिने ते मिनिव्हॅनच्या पुढच्या सीटवर मुकाट्याने बसले आणि तिच्याबद्दल एकदाही चांगलं बोलले नाहीत.

एवढ्यावर शहाण्या माणसाने धडा घेतला असता. मी चार वर्षांनी दुसरी गाडी आणली आणि तिच्या बाबतीत याहून मोठी माती खाल्ली.

दुसरी निळी. आणली तेव्हा तिला निळी म्हणायला जीभ रेटत नव्हती, इतकी ती गंजली होती. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खालून खात जातं. दोन हिवाळे मी गॅरेजमध्ये तिच्याखाली आडवा पडून काढले. पत्रा कापून नवा जोडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर तीनदा खोलला. बायको चहा घेऊन यायची आणि उलट्या बादलीवर बसून गप्पा मारायची. तिला यंत्रांतलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते, पण तिचा कान तयार होता. "आज खोकतेय," असं ती म्हणाली की मी निमूटपणे उठून कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा वळसा फिरवायचो, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं.

गाडी रस्त्यावर आल्यावर रविवार दुपार आमची ठरलेली. पुढे अखंड बाकासारखी सीट होती. बायको चपला काढून पाय वर घेऊन बसायची, मुलगी मागे खिडकीला नाक लावून. कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा तो दोन धुण्यांनंतरही जायचा नाही. बायकोने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. आमच्या ओळखीतल्या बायका नवऱ्यांच्या गोल्फबद्दल, क्रिकेटबद्दल जे बोलायच्या, त्यातलं अवाक्षर हिच्या तोंडून कधी आलं नाही.

मुलगी नऊ वर्षांची असताना मला नोकरीवरून काढलं. एका सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये आमची अख्खी टीम गेली. ग्रीन कार्डाच्या रांगेत मी तेव्हा कितीतरी वर्षं उभा होतो, म्हणजे व्हिसावरच होतो. व्हिसावाल्याला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरून निघा. आपल्या लोकांची यावर एक ठरलेली पद्धत आहे. रडत बसायचं नाही, यादी करायची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो पडतात: सोफा, मायक्रोवेव्ह, मुलांची सायकल, 'जस्ट लाइक न्यू'. मीही त्याच दिवशी यादी केली आणि सगळ्यात वर गाडी लिहिली. का, तर ती हौस होती. आपल्याकडे संकट आलं की आधी हौस विकायची असते. सोफ्यावर बसता येतं, मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो, गाडीचं काय अडलंय?

बायकोने यादी वाचली आणि गाडीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही आत्ता नको. साठ दिवस आहेत ना, ही शेवटच्या आठवड्यात बघू."

मी तिला म्हणालो की तुला परिस्थितीचं गांभीर्य कळत नाहीये. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गांभीर्य तिलाच कळत होतं. मी घाबरलो होतो. काहीतरी करून टाकल्याशिवाय मला झोप येत नव्हती, आणि करता येण्यासारखी ती एकच गोष्ट गॅरेजमध्ये उभी होती. सहाव्या दिवशी ओहायोहून एक माणूस ट्रेलर घेऊन आला. गाडी चढवायला वीस मिनिटं लागली. बायको बाहेर आली नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी मला नोकरी लागली. याच गावात, आधीच्यापेक्षा बरी. सोफा कुणी नेला नव्हता. मायक्रोवेव्हला गिऱ्हाईक आलं नव्हतं. सायकलीचं एकाने विचारलं होतं, पण तो फिरकलाच नाही. अख्ख्या यादीतली एकच गोष्ट गेली होती. ओहायोच्या माणसाला फोन केला तर त्याने महिन्याभरात ती पुढे विकली होती, आणि कुणाला ते सांगायला तो तयार नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट मी कुणालाही सांगू शकतो. मूर्खपणा केला, भोगला. पुढचं सांगायला जड जातं.

नोकरी लागल्यावर पंधरा दिवसांनी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. कुणीतरी विचारलं, अरे यार, गाडी का विकलीस? घाबरून विकली असं दहा माणसांसमोर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी हसून म्हणालो, गृहमंत्र्यांचा हुकूम. सगळे पुरुष हसले. बायको समोरच वाढून घेत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डाव पुढच्या बाईच्या हातात दिला.

विनोद खपतो आहे म्हटल्यावर माणूस तो पुन्हा करतो. पुढच्या पार्टीत केला, त्याच्या पुढच्या पिकनिकला केला. मग लोकच माझ्याआधी तो करायला लागले. नवीन कुणी आलं की ओळख करून द्यायचे, वहिनींनी याची गाडी विकायला लावली बरं का. ऐकून ऐकून मलाही ते सोयीचं झालं. ऑगस्टमध्ये एखादी निळी गाडी दिसली की तिचा राग मी घरात काढायचो. साधी भाजी करपली तरी माझा आवाज चढायचा. बायको या विषयावर एकदाच बोलली, एका पार्टीहून परत येताना.

"तसं सांगून तुला बरं वाटत असेल, तर सांग."

तिचा स्वर थंड होता. मी रेडिओ मोठा केला.

दहा वर्षं झाली याला. मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला आली होती तेव्हा एका दुपारी गॅरेजमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. गॅरेजमध्ये आता बर्फ काढायचं यंत्र आणि खोकी आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सांगितलं की तिला कॉम्प्युटर सायन्स सोडायचंय. उत्तरेकडे, मोठ्या तळ्याकाठच्या एका गावात, लाकडी होड्या बांधायला शिकवतात. तिथे तिला जागा मिळाली आहे. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मी काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली,

"बाबा, प्लीज, आईला नको सांगू. शी विल मेक मी गिव्ह इट अप. तुझी कार विकायला लावली तशी."

मला वाटलं ती गंमत करते आहे. तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. तेव्हा कुठे मला लक्षात आलं की त्या सगळ्या पार्ट्यांना ती हजर होती. खालच्या बेसमेंटमध्ये पोरांबरोबर खेळत होती, जिन्यात बसून गुलाबजाम खात होती, आणि ऐकत होती. बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून ती आईशी तुटक का वागते, याचं खापर मी वयावर फोडून मोकळा झालो होतो. तिने नाच सोडला तेव्हा आईला सगळ्यात शेवटी कळलं. कॉलेजचे अर्ज आईला दाखवले नाहीत. आई आवडत्या गोष्टी काढून घेते, हे तिने गृहीत धरलं होतं, आणि तसं धरायला पुरावा म्हणून तिच्याकडे माझी गाडी होती.

मी तिला सांगितलं. मी विकली, आईने नको म्हटलं होतं, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांब म्हणाली होती. मग तू सगळ्यांना तसं का सांगायचास, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तो विनोद होता.



"यू लेट मी बी मॅड ॲट हर? इतकी वर्षं?"

ती उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरातून आधी तिचा आवाज आला, मग बायकोचा, मग दोघींचा, खूप वेळ. मी आत जाऊ शकलो असतो. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी हाकही मारली नाही.