पासवर्ड टाकेपर्यंत बाहेर

"बाहेर थांब जरा. पासवर्ड टाकायचाय."

ज्यांचा कंप्युटर बघायला आम्ही आलो होतो ते साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. मी उठले. शेजारच्या खुर्चीत कार्तिक होता, माझ्याच कंपनीचा, माझ्यासारखाच कंप्युटर सपोर्टचा माणूस. तोही उठायला लागला.

"तू बैठ रे, कार्तिक. तू तो अपना आदमी है."

मी काचेच्या दाराबाहेर उभी. हैदराबादच्या हिमायतनगरमधलं ते ऑफिस, सगळे बघतायत. रिसेप्शनवरची बाई हसली. "क्या अम्मा, सजा हुई क्या?" इथे तरुण पोरीलाही अम्माच म्हणतात.

शाळेतही वर्गाबाहेर उभं करायचे. पण तेव्हा गृहपाठ केलेला नसायचा.

इथे मी फक्त आडनाव सांगितलं होतं. साहेब पुण्याचे. पहिल्या दिवशी मला फोनवर आईशी मराठी बोलताना ऐकलं आणि काय खूश झाले! "अगं, तू आपली निघालीस की! चहा घेणार?" मग आडनाव विचारलं. मग गाव. नांदेडकडचं, म्हटलं. "अच्छा." चहा आलाच नाही. "इंग्लिश मात्र छान आहे हं तुझं. वाटत नाही." काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही. आणि कार्तिक, ज्याला मराठीचा एक शब्द कळत नाही, तो अपना आदमी.

काम साधं होतं. साहेबांच्या कंप्युटरवरून मुख्य ऑफिसचा सर्व्हर इथे बसून रिमोटने उघडायचा. पासवर्ड बदललेला, पण कंप्युटर जुना साठवलेलाच पुढे करायचा. सर्व्हर नाकारायचा. मी जुना काढून टाकला. आता नवा टाकून खालच्या 'लक्षात ठेवा'च्या चौकोनात टिक करायची, बस. साहेब टिक करायचे नाहीत. आधी सांगितलेलं ऐकायचे नाहीत, टाकताना सांगायला मी आत नसायचे. कार्तिक मोबाइलमध्ये. म्हणून रोज सकाळी कंप्युटर पुन्हा पासवर्ड मागायचा आणि साहेब पुन्हा तक्रार करायचे. रोज मी. रोज बाहेर.

टाकलेला पासवर्ड पडद्यावर दिसतही नाही. नुसते ठिपके दिसतात. मग माझ्यापासून काय लपवत होते? हे लक्षात आलं. त्या केबिनचा अत्तराचा वास, ते "जरा", ते गोड हसू, सगळ्याची किळस आली.

दुसऱ्या सकाळी साहेब म्हणाले, "चल, बाहेर."

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली. आमच्या कामात कुणी पासवर्ड टाकताना सगळे असंच तोंड फिरवतात.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं, सर. कार्तिक बाहेर जाणार असेल तर मीही जाते."

"अरे देवा! तुम्ही लोक ना, लगेच मनाला लावून घेता."

मी विचारलं, "तुम्ही लोक म्हणजे कोण, सर?"

कार्तिकने मोबाइलमधून मान वर काढली. साहेबांनी पासवर्ड टाकलाच नाही. सरळ आमच्या कंपनीत फोन लावला.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. "सॉरी बोल दो ना अम्मा, बात खतम करो. क्लायंट है."

"नहीं बोलूँगी."

"नौकरी का सोचो."

सोचलं. काचीगुड्याला घरी येईपर्यंत तेच सोचत होते. बाबांना सगळं सांगितलं, आडनावासकट. नोकरी गेली तर दुसरी शोधेन. माफी मागणार नाही. उद्या साहेबांच्या कंप्युटरची तक्रार पुन्हा माझ्याच वाट्याला आली, तर जाईन, खुर्चीत बसेन आणि बसूनच राहीन. पासवर्ड टाकायचा असेल तर मी आत असताना टाका. नसेल तर बसा तसेच.