गाठोड्याला मारलेली लाथ

परवा नात टीव्हीपुढे बसली होती. पडद्यावरचा एक गुळगुळीत माणूस खून करून आला आणि आरशापुढे उभा राहून शांतपणे भांग पाडायला लागला. नातीने विचारलं, "आजी, अशी माणसं खरंच असतात का गं? ज्यांना काहीच वाटत नाही अशी?"

मी म्हटलं, "असतात की. तसल्याच एकाशी मी लग्न केलं."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

आमच्या तरुणपणी टीव्ही कुठला, गावात रेडिओसुद्धा नव्हता. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरात. मामाचं गाव खाली महाडजवळ, सावित्रीच्या काठाला. मामाने त्याच्या शेजारच्या घरातला मुलगा माझ्यासाठी सुचवला होता. मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता आणि चैत्रातल्या जत्रेला गावी यायचा. वडील म्हणाले, जत्रेलाच जाऊ, मुलगा बघू, पसंत पडला तर तिथेच सुपारी फोडू. आई आणि मीही मामाकडे जत्रेला म्हणून गेलो.

मी त्याला दुपारीच बघून घेतलं. मामाच्या पडवीत तो नाटकासाठी आणलेली गॅसबत्ती दुरुस्त करत बसला होता. बत्ती लागली, त्याने ती विझवली, उचलली आणि निघून गेला. कुणाशी अवाक्षर नाही. आमच्या घरात सगळेच बडबडे. मला तो तेवढ्यावरच आवडला.

जत्रेचं नाटक गावची मुंबईला कामाला असलेली मंडळीच बसवायची. पडदा वर गेला तेव्हा कळलं, हा नाटकात खलनायक आहे. मामाला हे ठाऊक होतं, पण त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं होतं. मामाला बऱ्याच गोष्टींत तसं वाटायचं.

नाटकातला हा मुलगा जमिनीसाठी सख्ख्या आईला घराबाहेर काढतो. आई गाठोडं घेऊन उंबऱ्याशी बसते आणि तिथेच प्राण सोडते. ती टाचा घासत असताना हा बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता. चेहरा कोरा. राग नाही, हसू नाही, काही नाही. मधेच उठला, आईच्या गाठोड्याला लाथ मारली आणि परत येऊन राहिलेल्या शेंगा खाऊ लागला.

जत्रा चवताळली. माझ्या शेजारी एक बाई पदर डोळ्याला लावून मोठ्याने शिव्या देत होत्या, "मेल्याच्या पोटात माया म्हनून नाय!" त्या त्याच्या खऱ्या आई होत्या. त्यांचा आवाज पार पुरुषांच्या बाजूपर्यंत पोचला. वडिलांनी मान वळवून बघितलं. जन्मदात्या आईनेच दाखला दिल्यावर आणखी चौकशी कसली करायची?

मला मात्र दुसरंच दिसलं होतं. आईचं काम करणारा गडी गावातला सगळ्यात जुना नट होता आणि मरताना अंग झोकून द्यायचा. मामा सांगायचा, आदल्या वर्षी त्याचं डोकं फळीवर आपटलं होतं आणि मेलेली आई "आयायाय" म्हणाली होती. या वेळी तो पडला तेव्हा त्याचं डोकं बरोबर लाथेने सरकलेल्या त्या गाठोड्यावर आलं. ज्याला सगळ्यांनी लाथ म्हटलं, ती मला उशी वाटली. मी ते आईला सांगितलं, आईने वडिलांना.

"लाथ ती लाथ," वडील म्हणाले.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांची समजूत घालत होता. "दाजी, नाटक हाय वो ते."

"नाटक हाय, पन आलं कुठनं? आडात नाय ते पोहऱ्यात येतंय व्हय? पोहऱ्यात आलं, म्हंजे आडात असनारच."

मी दाराआडून ऐकत होते. हा मुलगा हातचा गेला तर पुढचा कोण असेल, ते मला माहीत होतं. तो आमच्याच डोंगरातला होता आणि न थांबता बोलायचा.

शेवटी वडिलांनी मुलाला बोलावून घेतलं. तो येऊन पडवीत उभा राहिला.

"आय मरत व्हती आनि तू शेंगा खात व्हतास."

"होय."

"तवा काय वाटलं तुला?"

तो जरा विचार करून म्हणाला, "शेंगा खवट होत्या."

मामाने कपाळाला हात लावला.

"बरं, आता जरा रडून दाखव," वडील म्हणाले.

"येत नाय."

"म्हंजे?"

"रडायला येत नाय. तालमीत मास्तरांनी समद्यांना रडायला लावलं. ज्याला चांगलं रडायला आलं, त्याला नायक केला. मला आलंच नाय, म्हनून हे काम दिलं."

वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले. नाटकातला नायक सकाळीच त्यांना चहाच्या दुकानात भेटला होता. रात्री त्याने हुंदके देऊन अख्खी जत्रा रडवली होती आणि सकाळी तो खिदळत भजी खात होता.

"त्याचं रडनं खरं कुठलं, ते त्याच्या बायकोलाबी कळायचं नाय," वडील म्हणाले. "ह्याचं निदान खोटं तरी नाय."

सुपारी फुटली. वडिलांनी न रडण्यावर मुलगी दिली आणि मी गाठोड्यावर नवरा केला.

लग्नानंतर वडील दर भेटीत आईला एकच सांगायचे, "जावई गुनाचा हाय, पन आत काय चाललंय ते कळत नाय." यांना सासरे फार आवडायचे की नाही, ते मलाही कळत नव्हतं. दोघं पडवीत तासन् तास गप्प बसायचे.

काही वर्षांनी वडील आजारी पडले. त्यांना डोलीतून खाली आणलं, महाडच्या दवाखान्यात नेलं. तिथेच ते गेले. मालाच्या ट्रकमधून आम्ही त्यांना परत आणत होतो. आई रडत होती, मी रडत होते, मामा तर ओरडून रडत होता. हे कोरड्या डोळ्यांनी बसले होते. प्रत्येक खड्ड्याला वडिलांचं डोकं ट्रकच्या फळीवर आपटत होतं, ते आमच्यापैकी कुणाला दिसलंही नाही. यांनी अंगातला कोट काढला, घडी केली आणि वडिलांच्या डोक्याखाली सारला. मामा रडता रडता म्हणाला, "मेलेल्या मानसाला आता काय लागतंय?"

बारावं झाल्यावर आम्ही पोलादपूरच्या स्टँडकडे उतरत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाटकात ते गाठोडं डोक्याखाली सारलं होतंत, तसंच केलंत तुम्ही."

"कंचं गाठोडं?"

मी आठवण करून दिली.

"ते व्हय? ते उंबऱ्याभायेर उडवायचं होतं. लाथ नीट बसली नाय."

मी वाटेतच थांबले. इतकी वर्षं ज्याच्यावर संसार उभा केला, तो एक चुकलेला नेम होता.

"आणि कोट?" मी विचारलं.

हे बरेच पुढे गेले होते. मागे न बघता म्हणाले, "रस्ता खराब होता."

प्रेताखालचं कापड घरात ठेवू नये म्हणतात. कोट खुंटीवर दिसला तेव्हा मी तसं सांगितलं. हे "बरं" म्हणाले. कोट अजून तिथेच आहे.