साठ तिकिटांचा टनाला

"नवरा रेसला जातो हे एक वेळ समजतं, पण बायकोनंही दर रविवारी शेजारी उभं राहायचं?" नव्या पनवेलच्या त्या इमारतीत कुमुदबद्दल असेच बोलले जाई. तळमजल्यावरच्या मालूताई तर म्हणत, "एकाच्या व्यसनानं भागेना, आता जोडीनं!"

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिचे यजमान विनायकराव एकदा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून पेढे घेऊनच घरी आले. टनाला लागला होता. म्हणजे पहिले तीन घोडे नेमक्या क्रमाने ओळखायची पैज. "पाच घोडे धरले होते, कुठलाही कुठेही येवो!"

कुमुदने पेढा हातातच ठेवला. "मग तिकिटं किती काढलीत?"

पाच घोड्यांतून पहिल्या तिघांचे सगळे क्रम धरायचे तर साठ तिकिटे, पाच रुपयांप्रमाणे तीनशे. ज्यांच्यावर सगळ्यांनीच पैसे लावले होते तेच घोडे आल्यामुळे हाती आले दोनशे वीस.

"म्हणजे जिंकून ऐंशी रुपये गेले. पेढ्यांचे वेगळे."

"जिंकलो, हे तर खरं ना?" विनायकराव चिडले.

त्या वाक्याने ती हादरली. हरलेल्याला आवरता आले असते. या माणसाला आपण हरलो याचा पत्ताच नव्हता. पुढच्या रविवारपासून ती सोबत निघाली. भांडण नाही, शपथा नाहीत. एका शर्यतीला एक घोडा, एक तिकीट. त्यापुढे ती त्यांना खिडकीपाशी उभे राहू देत नसे.

जानेवारीत मुलाच्या, वरदच्या, कॉलेजची फी आली. सोमवारी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हते. रविवारी तिकिटाच्या खिडकीशी विनायकरावांनी नेमके फीचेच पाकीट बाहेर काढले.

"सात घोडे धरतो. धावताहेत आठच. चुकेल कसा?"

कुमुदने मनाशी मांडले: पहिल्या जागी सातांपैकी कोणीही, दुसऱ्या जागी उरलेल्या सहांपैकी, तिसऱ्या जागी पाचांपैकी. दोनशे दहा तिकिटे, हजारावर रुपये. तिने पाकीट धरले. त्यांनी सोडले नाही.

"बोला, किती?" खिडकीतून आवाज आला.

"वहिनी, खेळू द्या की साहेबांना!" मागून कोणी ओरडले. "लक्ष्मी दारात आलीय आणि तुम्ही कडी लावताय!"

रांग हसली. विनायकरावही ओशाळे हसले. कुमुदने पाकीट हिसकावून पिशवीत टाकले आणि ती मागच्या त्या ओरडणाऱ्याकडे वळली.

"दोनशे दहातली दोनशे नऊ फुकट जाणार, हे आत्ताच ठरलंय. ही माझ्या मुलाची फी आहे. लावायचीच असेल तर तुमच्या मुलाची लावा."